बाहेर उघडणाऱ्या झडपा

मित्रांनो, सिल्वासाच्या डोकमर्डीत, एका बैठ्या चाळीत माझा मुक्काम आहे. मी एक जुनी सागवानी खिडकी. १९८५ साली वाळू सुताराने मला घडवले. माझ्या दोन्ही झडपा बाहेर उघडतात आणि आत लोखंडी गज आहेत. शेजारच्या दारावर माझा धाकटा भाऊ बसवला, झरोका. तो मधल्या खिळ्यावर फिरतो; दोरी ओढली की तिरका होतो. पलीकडे शिक्षिका प्रमिलाबाईंच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या. दांडी हलवली की साऱ्या एकदम उघडत. मला तिचा हेवा वाटे.

आमच्या खोलीत खानदेशातले झिपरू आणि चिमाबाई राहायला आले. झिपरू जवळच्या गलोंडा गावातल्या कारखान्यात कामाला होता. पुढच्या पौषात त्यांना मुलगी झाली, सोनी. गारठा भारी होता.

"वारा लागी जाईन पोरीले," म्हणत झिपरूने माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि झरोक्यात गोणपाट. पावसाळ्यात माझी चौकट वाकडी झाल्याने कडी लागत नव्हती. मी त्या चिंध्यांनीच बंद होते. शेकासाठी बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून तो पाळीवर गेला. चिमाबाईने दाराला आतून कडी घातली.

दुपारपर्यंत खोली कोंदली. चिमाबाईचे डोके जड झाले. ती उठायला गेली आणि बाजेवरच कोसळली. सोनीचे रडणे बारीक होत गेले. मी सारे पाहत होते, आणि हवा अडवून उभी होते ती मीच!

तेवढ्यात प्रमिलाबाई हळिवाची खीर घेऊन आल्या.

"चिमाबाई! अगो, दार उघड!"

दार ढकलून पाहिले, ते आतून बंद. त्यांनी वाटी खाली ठेवली, माझ्या झडपा धरल्या आणि सगळा जोर लावून ओढल्या. चिंध्या गळून पडल्या, मी सताड उघडले. गजांतून खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी दाराची कडी काढली. काचेच्या पट्ट्यांतून असा हात गेला नसता, मित्रांनो! माझ्या साध्या घडणीबद्दल मी त्या दिवशी प्रथमच वाळूचे आभार मानले.

मायलेकींना ओट्यावर आणले. सोनी मोठ्याने रडली, मग चिमाबाईने डोळे उघडले. सरकारी दवाखान्यातून दोघी सुखरूप परतल्या.

झिपरूने वाळूला बोलावले. "पोरीले ऊब पाहिजे आणि हवाबी. कसं करू?"

वाळू म्हणाला, "शेगडी आत नकोच. झरोका उघडा ठेव. कोंदट हवा वरून जाईल. खिडकीची एक झडप किलकिली कर; वारा अंगावर येणार नाही."

पुढे अकरा वर्षे झिपरू दर दिवाळीला माझ्या बिजागऱ्यांना तेल घालत असे.

१९९७ साली मालकाने चाळीला सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या. मला उपटून भिंतीला टेकवले. वाटले, आता सरपण होणार.

"इले जाळू नका," चिमाबाई म्हणाली. "त्या सरकत्या खिडकीची अर्धीच बाजू उघडते. माझ्या चुलीकडे तर एकबी खिडकी नाही."

झिपरूने मालकाला गळ घातली, स्वयंपाकाकडची आंधळी भिंत फोडली आणि मला तिथे बसवले.

मित्रांनो, तुमची खिडकी सरकती असो, पट्ट्यांची असो की माझ्यासारखी, थंडीला भिऊन तिचा श्वास कोंडू नका. आमची सोनी आता स्वतः चहा करते. काडी ओढण्याआधी ती मला ढकलून उघडते आणि आईला सांगते, "आधी हवा, मग चहा!"