आधी मुली, मग मुलगे

सकाळी दहा वाजता मुख्याध्यापिका सिस्टरांनी ध्वनिक्षेपकावरून गॅलरीचा नियम रद्द केला. मधल्या सुट्टीनंतर सगळी शाळा गॅलरीत फोटोसाठी उभी राहणार होती.

कॉन्व्हेंटची मुलींची शाळा आणि पाद्र्यांची मुलग्यांची शाळा एक झाली, तेव्हा दोन्ही इमारती पहिल्या मजल्यावरच्या या गॅलरीने जोडल्या गेल्या. नियम त्या वर्षीचाच. दोन टोल पडले की आधी मुलींनी जायचं. त्या आत गेल्या की पुन्हा दोन टोल, मग मुलग्यांनी. धावायचं नाही, घोळका करायचा नाही. सुवर्णमहोत्सवासाठी शाळेचा इतिहास लिहिणाऱ्या बाईंनी यावर एक खुसखुशीत परिच्छेद लिहिला होता. सुट्टीत तो वाचून दाखवायला त्या मैदानापलीकडे सिस्टरांच्या निवासात गेल्या. दोन शाळांची एक शाळा करणाऱ्या मोठ्या सिस्टर आता तिथे खाटेला खिळून होत्या. बाई त्यांच्याच विद्यार्थिनी.

“सिस्टर, तुमची गॅलरी आज मोकळी झाली. मुलगा-मुलगी शेजारी उभे राहिले म्हणून काय आभाळ कोसळणार होतं?”

मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. जपमाळेवरचं बोट थांबलं.

“मोकळी म्हणजे?”

“सगळी शाळा एकदम उभी करतायत. फोटोला.”

“पोरी, तिला अर्धीच शाळा पेलते.”

बाईंना आधी वाटलं, म्हातारपणाचं बोलणं आहे.

“तुळया हलक्या पडल्या होत्या,” सिस्टर म्हणाल्या. “कंत्राटदाराने मागाहून सांगितलं. ते बिशपांच्या कानावर गेलं असतं तर मुलगे तिकडे, मुली इकडे. शाळा मोडायला पालक टपलेलेच होते. मग मी सभ्यतेचा नियम केला.”

“खरं कारण कुणालाच नाही सांगितलं?”

“वजनाचं म्हटलं असतं तर घरोघरी चौकशी झाली असती. मुलामुलींना लांब ठेवते म्हटल्यावर एकानेही का म्हणून विचारलं नाही. उलट पाठ थोपटली.” त्यांनी डोळे मिटले. “पुढल्या वर्षी तुळया बदलणार होते. तेवढ्यात माझीच बदली झाली. परत आले, तर तुळया त्याच आणि नियमही चालूच होता. म्हटलं, चालतंय तर चालू दे.”

मैदानापलीकडे सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाई उठल्या. सिस्टरांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“ओरडू नकोस. पोरं धावली तर संपलंच.”

बाईंनी मैदान धावत ओलांडलं आणि गॅलरीखालच्या अंगणाच्या दाराशी पाय आवरले. गॅलरी भरली होती. कठड्याला पाचवी-सहावीची मुलं, मागे बाकांवर मोठी. अगदी मधोमध, मित्राच्या गळ्यात हात टाकून, बाईंचा नववीतला मुलगा. आईला बघून त्याने जीभ दाखवली.

मुख्याध्यापिका गॅलरीच्या खालीच उभ्या होत्या.

“या, या, इतिहासकार! तुमच्यासाठीच थांबलोय.”

घंटेची दोरी भिंतीला होती. बाईंनी ती दोनदा ओढली.

वर हशा पिकला.

“अहो बाई, तुम्हीसुद्धा?” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “सकाळीच रद्द केलाय ना नियम? फोटो तरी होऊ द्या.”

“शेवटचं एकदा, सिस्टर,” बाईंनी आवाज सपाट ठेवला. “आठवण म्हणून. मुलींनो, चला. सावकाश.”

मुली कुरकुरल्या, पण पाय सवयीने वळले. एकेक रांग दारातून आत जाऊ लागली. मुलगे जागचे हलले नाहीत; नियम तसाच होता. बाईंचा मुलगा आता कठड्यावर रेलून खाली बघत होता.

“काय झालंय तुम्हाला? चेहरा बघा केवढा उतरलाय,” मुख्याध्यापिका जवळ येत म्हणाल्या. त्यांच्या काळ्या शिरोवस्त्रावर पांढरी भुकटी पडली होती. बाईंची नजर तिथे गेलेली पाहून त्यांनी ती झटकली, बोटांकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

छायाचित्रकाराला त्यांनी हातानेच मागे सरायला सांगितलं.

शेवटची मुलगी आत गेली. मुलगे अजून गॅलरीतच होते. बाईंनी पुन्हा दोरी धरली.