तपासलेलं पत्र

"पत्र आलं की आधी बसायचं. घोटभर पाणी प्यायचं. मग सावकाश वाचायचं, म्हणजे माणूस समोर बसून बोलल्यासारखं वाटतं," असं बाबा सांगायचे.

चार महिने झाले, त्यांचं पत्रच आलं नव्हतं.

त्यांची लेक इंग्रजी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची पानं, तपासायची. बाबा सुतार, सारा जन्म रंधा मारण्यात गेला. सत्तरीत त्यांनी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं, लेकीची भाषा आपल्यालाही यावी म्हणून. आणि एक दिवस चक्क इंग्रजीत पत्र धाडलं! तिने कामाच्या सवयीने त्यावर लाल शाईत अकरा खुणा केल्या आणि पत्र परत पाठवलं. पुढचं पत्र बरं लिहितील, एवढाच हेतू.

पुढचं पत्र आलंच नाही. फोनवर बाबा नुसतं "बरंय, बरंय" म्हणत आणि फोन वहिनीच्या हातात देत.

आज वहिनीने फोनवर सांगूनच टाकलं, "वन्सं, बाबांनी वर्ग सोडला. या वयात कशाला हसं करून घ्यायचं, म्हणतात. ते लाल पत्र मात्र उशाशी ठेवलंय."

कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत तिने डबा तसाच बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या थोरल्या बाईंनी तिला बोलतं केलं.

"काय लिहिलं होतं गं पत्रात?"

"'हॅव'च्या जागी 'इज' घातलं होतं, शिवाय..."

"अगं बाई, चुका नाही विचारल्या! बाबा काय म्हणत होते?"

तिला शेवटची ओळ आठवली, 'यू इज नॉट कम मेनी डे.' क्रियापद तिने नीट केलं होतं. पण बाप वाट बघतोय, हे वाचलंच नव्हतं!

"पुस्तकातल्या चुका काढणं ही आपली नोकरी," बाई हळूच म्हणाल्या. "घरातल्या माणसावर कोणी नेमलंय आपल्याला? कुणी मोडकंतोडकं इंग्रजी बोललं की आपण फिदीफिदी हसतो. मग ते माणूस तोंडच उघडत नाही. बसा मग शुद्ध शांततेत!"

बंधुभगिनींनो, भाषा शुद्ध असावी, जरूर असावी. पण आधी माणसाचं म्हणणं मनात उतरू द्यावं. चूक मागाहूनही सुधारते. दुखावून मिटलेलं तोंड सहजी उघडत नाही.

तिने तिथूनच फोन लावला.

"बाबा, तुमच्या पत्राचं उत्तर राहिलंय. रविवारी येते."

"कुठल्या रविवारी?"

"ह्याच. येते म्हणजे येते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "ये."

रविवारी घर अजून झोपलेलं असताना तिने पिशवी खांद्याला लावली, दार हलकेच ओढून घेतलं आणि पहिल्या गाडीसाठी ती चालू लागली.