बापावर गेला

आमच्या चर्चच्या मंडळीत जूनच्या तिसऱ्या रविवारी बापांचा सत्कार होतो. उपासनेच्या मध्यात पाळक साहेब म्हणतात, "ज्यांना देवाने लेकरं दिली त्यांनी उभं राहावं." बाप उभे राहतात आणि महिला मंडळाच्या बेबीताई त्यांना भेटवस्तू वाटतात. परसाली टॉर्च होते, सेल आपापले आणायचे होते. यंदा कंगवे होते. आमचे निम्मे बाप टकले आहेत, पण बेबीताईंना हे सांगायची हिंमत खुद्द पाळक साहेबांतही नाही.

माझा प्रश्न कंगव्याचा नव्हता. उभं राहायचं की बसून राहायचं, हा होता. एप्रिलात आम्हाला मुलगा झाला होता आणि झाला तेव्हाच तो नव्हता.

नाव आधीच ठरलेलं होतं. एस्तेरने, म्हणजे माझ्या बायकोने, मला निवडू दिलं आणि मी इसहाक निवडलं, कारण त्याचा अर्थ 'तो हसतो'. "घरात एक विनोदी माणूस पुरे आहे," ती म्हणाली होती. शेवटी तेवढाच राहिला.

दवाखान्यात सिस्टरने त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलं. बाळं दाखवून दाखवून तिच्या तोंडाला सवय लागलेली. "केस पाहा किती दाट," ती म्हणाली, "बापावर गेला." मग तिने जीभ चावली. वाक्यात चूक कुठेच नव्हती. केस माझ्यासारखेच होते. आणि गेला, हेही खरंच.

जुन्या करारात बाप इसहाकाचा बळी द्यायला निघतो, पण ऐनवेळी झुडपात बदली एडका सापडतो आणि पोरगं वाचतं. मी खिडकीतून पाहिलं. दवाखान्याच्या गेटाशी एक बोकड होता खरा, पण तो कोणाच्या तरी गाडीचं सीट खाऊन राह्यला होता. आमच्या कामात त्याला रस दिसला नाही.

माझे बाबा, प्रेमानंद, कशासाठीही प्रार्थना करतात. विहिरीवरची मोटर चालू होईना तर तिच्यावर हात ठेवून करतात. दोन तासांनी लाइट येते, मग रविवारी देवाने ऐकलं अशी साक्ष देतात. आईबाबांना बरीच वर्षं मूल नव्हतं. देवाजवळ मागून घेतलेला म्हणून मी शमुवेल. इतक्या बारीकसारीक कामांत देवाला ओढणारा माणूस, पण इसहाकाला मातीत ठेवलं तेव्हा त्यांचे नुसते ओठ हलत होते. बाबांची प्रार्थना मला ऐकू आली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणतो सांगून कबरस्थानात गेलो. काही मनात धरून नाही. माती होती तशीच होती आणि तिच्याशेजारी बाबा बसले होते.

"तू काऊन आला बे?"

"सहज. तुम्ही?"

"मी बी सहज."

मग ते म्हणाले, "आपल्या प्रभूचं निराळं होतं."

"हाव."

"त्याले त्याच्या बापानं तिसऱ्या दिवशी कबरीतून उठवलं."

"अन् इथं दोन दोन बाप बसून राह्यले," मी म्हणालो.

बाबांनी मातीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग आम्ही उठलो. त्यांनीही आईला दुधाचंच सांगितलं होतं, म्हणून दोघांनी दूध घेतलं. त्या दिवशी घरात दूधच दूध झालं. एस्तेरने दोन्ही पातेली पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिलाही त्याच सकाळी पान्हा फुटला होता.

तर जूनचा रविवार. पाळक साहेब म्हणाले, "ज्यांना देवाने लेकरं दिली." दिली म्हणाले, राहू दिली असं म्हणाले नाहीत. म्हणजे व्याकरणात मी बसत होतो. म्हणून बसूनच राहिलो.

इकडे बाकं करकरली, बाप उभे राहिले. माझ्या शेजारी बाबा मात्र हलले नाहीत.

"बाबा, उठा न. गुडघा दुखून राह्यला का?"

"नाही."

"मंग?"

"तू उठ आधी."

"मी कशाले?"

"मी आजा झालो का नाही?"

"हाव, झाले."

"मंग मधात कोणी तं बाप असनच न, बे."

पाळक साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "प्रेमानंदभाऊ, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे, साहेब. पोराची वाट पाहून राह्यलो."

सगळी मंडळी वळून पाहायला लागली. बायकांच्या बाजूला एकटी एस्तेर तेवढी पाहत नव्हती. तिने गीतपुस्तक उघडलं होतं, उलटं.

मी उभा राहिलो. मग माझा खांदा धरून बाबा उठले.

बेबीताई माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांचा हात पिशवीतच राहिला. ते थांबणं मला झेपेना आणि तोंडाला सवय.

"ताई, याच्यात लहान साइज येते का?"

कोणी हसलं नाही. बेबीताईंनी माझ्या हातात दोन कंगवे ठेवले आणि पदराने नाक पुसत पुढच्या टकल्याकडे गेल्या.

'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना सुरू झाली. मला त्या पहिल्याच शब्दांपाशी थांबून थोडं बोलायचं होतं, एक बाप दुसऱ्याशी बोलतो तसं. पण मंडळी रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत पोचली होती. बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. खांद्यावरचा हात त्यांनी आमेनपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर एस्तेरने एक कंगवा झबल्या-टोपड्यांच्या पिशवीत ठेवला. दुसरा हातात घेऊन ती माझ्याकडे बघत राहिली.

"बसा खाली," म्हणाली.

मी बसलो. तिने माझ्या केसांना तेल लावलं, जरा जास्तच, कानामागे ओघळ आला. समोर येऊन डाव्या हाताने माझी हनुवटी धरली आणि लहान लेकराचा पाडतात तसा एका बाजूला भांग पाडायला घेतला.

एरवी ती मला अहो-जाहो करते.

"हलू नको," ती म्हणाली.

मी हललो नाही.