नव्वदच्या वर

सकाळपासून माझ्या बायकोने श्वास घेतला नव्हता. दुपारी मी गलगल्यांची सिगार पेटवली, पहिला झुरका घेतला आणि प्रभाची छाती वर आली. मी धूर सोडला, ती खाली गेली. पुन्हा ओढला, पुन्हा वर.

"हां, आता जरा बरं वाटतंय," ती म्हणाली आणि गवार मोडायला लागली.

श्वास नसतानाही ती सकाळभर बोलत होती, त्याचं मला नवल वाटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ऐकतोय, मधे श्वास घेते असं कधी जाणवलंच नाही. पण तिची नखं जांभळी पडली होती आणि ती माझ्या तीन झुरक्यांत गुलाबी झाली. 

गलगले समोरच्या खुर्चीवर बसले होते. ते सिगार कंपनीचे. नवीन माल निघाला की घेऊन येतात, मी ओढतो आणि शंभरातले गुण सांगतो. माझं कामच ते. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण वारा लागला की सिगार वाकडी जळते. आजची माझ्या वितीपेक्षा लांब होती आणि जाडीला चांगल्या गाजराएवढी.

"वहिनींचा श्वास सिगारवर आलाय," गलगले म्हणाले. "मोठ्या आकारात होतं असं."

"मग आणखी दोन-चार ठेवून जा."

"ही एकच वळलीय. नव्वदच्या वर गेली तर पुढच्या वळतील. मग रोज घरपोच येईल."

"आणि नाही गेली तर?"

"तर हीच शेवटची."

प्रभाने गवार बाजूला ठेवली. "अहो, मग देऊन टाका शंभर. त्यात विचार कसला करताय?"

"संपल्याशिवाय गुण घेत नाही, वहिनी," गलगले म्हणाले. "सुरुवात शंभरापासूनच असते. साहेब खोट काढतील तसे कमी होतात. दोन आधीच गेलेत."

ते खरं होतं. पेटवायच्या आधीच मी सिगार बोटांत फिरवून म्हणालो होतो की वरच्या पानाची शीर जाड आहे. आता जाड होती तर काय पातळ म्हणू?

मी ओढत राहिलो. सिगारचा धूर छातीत न्यायचा नसतो, तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. मी घोळवला की प्रभा श्वास धरून बसायची, सोडला की सोडायची. घाईने ओढावी तर लवकर संपणार, सावकाश ओढावी तर विझणार. शिवाय सिगार जेवढी जळे तेवढी खोली आखडत होती. पलीकडची भिंत पुढे आली तशी तिच्यासमोरची शोकेस आमच्याकडे सरकली. गलगल्यांनी पाय जवळ घेतले.

"एका अंगाने जास्त जळतेय," मी म्हणालो.

"तीन," गलगले म्हणाले. "पंच्याण्णव."

"अहो!" प्रभाने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. "तोंडाला कुलूप लावा."

"सवय आहे गं."

"तुमच्या सवयीपायी मी जाईन."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. मी ठरवलं, आता चांगलं तेवढंच बोलायचं. आणि चांगलं होतंही. भाजलेल्या शेंगदाण्याची चव होती, मागून गूळ येत होता, नव्या चपलेच्या चामड्याचा वास होता. मी हे सगळं मोठ्याने सांगितलं. गलगले मान डोलवत होते.

"माझ्या आमटीला असं कधी म्हणाला नाहीत," प्रभा म्हणाली. "काल म्हणे मीठ कमी. परवा म्हणे जास्त."

"काल कमी होतं."

"एखाद्या दिवशी गप गिळलं असतं तर?"

"कमी होतं तर कमीच म्हणणार. मी तोंडपुजेपणा करत नाही, आमटीचा नाही आणि या सिगारचाही नाही. आता हिच्यात मधेच आंबूस लागतं, ते—"

"दोन," गलगले म्हणाले. "त्र्याण्णव."

 मला माझ्या जिभेचा इतका राग आला की ती उपटून राखदाणीत ठेवावीशी वाटली. बायकोचा जीव टांगणीला लागलाय आणि मी हिशेब चुकता करतोय. मी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालत बसलो आणि ओढायचं राहून गेलं.

प्रभाच्या हातातली शेंग खाली पडली. ती माझ्याकडे बघत होती, पण ओठ काळसर झाले होते आणि या वेळी ती काही बोलत नव्हती. मी एकामागून एक झुरके मारले. तिची छाती दणादणा वर-खाली झाली, डोळ्यांत ओळख आली. माझ्या तोंडात जाळ झाला होता.

"फार तापली," मी म्हणालो.

"दोन. एक्क्याण्णव."

 प्रभाने माझा सिगार नसलेला हात धरला आणि धरूनच ठेवला. तिचा हात गार होता. मला रडू यायला लागलं होतं, पण रडता रडता ओढता येत नाही.

आता सिगार बोटाच्या दोन पेरांएवढी उरली होती. दार शोकेसच्या मागे गेलं होतं. गलगल्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते आणि प्रभाचं डोकं भिंतीला टेकलं होतं. सिगारचा धूर छताला लागून लगेच आमच्या तोंडावर परत येत होता. छत हाताला लागेल इतकं खाली आलं होतं.

"शेवटच्या भागाची चव सांगा," गलगले म्हणाले. "म्हणजे मी उठतो."

मी धूर घोळवला. कडू होती. कारल्यासारखी, जिभेच्या मुळाशी चिकटणारी कडू. माझ्या घशापाशी तो शब्द तयार होऊन बसला.

गोड म्हणायचं. एवढंच करायचं होतं. मी तोंड उघडलं आणि जिभेवर दुसराच शब्द पुढे आला. मी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तोच. गलगले कान पुढे करून बसले होते.

"बोलू नका," प्रभा म्हणाली. "आणा ती इकडे."

"अगं, तू—"

"एक अक्षर बोलू नका."

तिने माझ्या बोटांतून सिगार काढून घेतली. या वासापायी जिने माझे कपडे आयुष्यभर वेगळे धुतले, तिने ते जळतं टोक चिमटीत धरलं, तोंडाला लावलं आणि ओढलं. ठसकासुद्धा लागला नाही तिला.

माझी छाती वर आली.

मी काहीच केलं नव्हतं. ती आपोआप भरली आणि भरून थांबली. मी श्वास सोडून पाहिला, सुटेना. प्रभाचे गाल फुगलेले होते. सिगारचा निखारा तिच्या बोटांना टेकला होता, तरी तिने ती खाली ठेवली नाही.

खुर्ची वळवायला जागा नव्हती. गलगल्यांनी फक्त मान तिच्याकडे वळवली.

"वहिनी, तुम्ही सांगा मग. चव कशी आहे?"

गोड आहे म्हण, मला सांगायचं होतं. काहीही म्हण. पण बोलायला माझ्याजवळ श्वास नव्हता. प्रभा माझ्याकडे बघतही नव्हती. तिने धूर एका गालातून दुसऱ्या गालात नेला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून, कसलीही घाई न करता, चव घेऊ लागली.