पियूषचा ग्लास

बाळाच्या लंगोटात रक्ताचा धागा दिसला तेव्हा मेघनाने तिला उचलून तडक दवाखाना गाठला. मुलगी जेमतेम तीन महिन्यांची, अंगावरच्या दुधाशिवाय तिच्या पोटात दुसरं काही जात नव्हतं. परळच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "दुधातलं प्रोटीन हिला सोसत नसावं. तुम्ही खाता ते तुमच्या अंगावरच्या दुधातून हिच्या पोटात जातं. अजून संशयच आहे, पण चार आठवडे दूध, दही, तूप, पनीर सगळं बंद ठेवा. पाजणं मात्र थांबवू नका."

लालबागच्या चाळीतल्या त्या दीड खोलीत सासूला, शेवंतीला, हे काही पटलं नाही. "दूध सोडलंस तर पोरीक काय पाजतलंस?" असं ती दोन दिवस पुटपुटत राहिली. पण तिसऱ्या दिवसापासून तिने मेघनाच्या स्वयंपाकाचा टोप वेगळा केला. भाजीला नारळाचं तेल, भाताबरोबर सोलकढी. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती मुलाकडून, अजितकडून, वाचून घ्यायची आणि दुधाचं नाव आलं की पुडा शेजारी देऊन टाकायची.

दोन आठवड्यांत रक्त थांबलं. मुलगी झोपू लागली. आणि मेघनाला भूक छळू लागली. पाजून उठलं की पोटात खड्डा पडायचा, आणि डोळ्यांपुढे यायचं ते दहीच.

एका दुपारी बाळाला सासूकडे ठेवून ती औषध आणायला खाली उतरली. नाक्यावरच्या डेअरीत काचेमागे दह्याच्या गोड, दाट पियूषचे ग्लास मांडले होते, वर केशराच्या काड्या. संशयच तर आहे, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि एका ग्लासाने काय होतंय. ती उभ्याउभ्या प्यायली. दोन दिवस बाळाला काहीच झालं नाही. मग ती पुन्हा गेली. नंतर आणखी एकदा, आणि त्या वेळी दोन ग्लास.

रविवारी सकाळी लंगोट बदलताना शेवंतीनेच रक्त पाहिलं. आधीपेक्षा जास्त होतं.

अजित चहाचा कप खाली ठेवून आईकडे वळला. "आई, खरं सांग. हिच्या जेवणात तूप घातलंस?"

"मी कशाक घालू?"

"तुला पहिल्यापासून हे पटलेलं नाही. म्हणालीच होतीस ना, दुधाशिवाय पोरीला काय पाजणार म्हणून?"

"म्हटलंय. पण घातलंय नाय." शेवंतीने सुनेकडे पाहिलं. "मेघना, तू सांग गो. तुझ्या टोपात मी कदी काय घातलंय?"

मेघना बाळाचे पाय पुसत होती. "मला काय माहीत," ती म्हणाली. "मी समोर येईल ते खाते."

शेवंतीने रक्ताचा लंगोट उचलला आणि मोरीत धुवायला घेतला. अजित बोलत राहिला, नातीच्या जिवापुढे तुझा हट्ट मोठा का, असंही म्हणाला. बुधवारी त्याने आईला गावी, देवगडच्या गाडीत बसवून दिलं. निघताना तिने बाळाला उचललं नाही, नुसता लांबून हात दाखवला.

मेघनाने मग खरोखरच सगळं सोडलं. डेअरीवरून जावं लागू नये म्हणून ती मागच्या गल्लीने फिरून जायची. तीन आठवड्यांत मुलगी खडखडीत बरी झाली, वजनही वाढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधाचंच होतं, आता संशय उरला नाही.

"बघ," अजित घरी येऊन म्हणाला. "आई गेली नि पोर सुधारली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

त्याच संध्याकाळी शेवंतीचा फोन आला. अजितने तो न घेता मेघनाच्या हातात दिला.

"रगत थांबला मा?" पलीकडून आवाज आला.

"थांबलं."

"बरा झाला. मी रोज इचार करतंय गो. माझाच कायतरी चुकला असतला. अजितच्या दुधाचो टोप आणि तुझो टोप एकाच घासणीन घासलंय मी. त्येतूनच गेला असतला. मुद्दाम नाय केलंय. अजितक तेवढा सांग."

अजित समोर बसून तिच्याकडे बघत होता. "काय म्हणते?" त्याने विचारलं.

मेघनाने फोनवर हात ठेवला. "घासणी एकच होती म्हणते," ती म्हणाली.

"म्हणजे शेवटी कबूल केलं," अजित म्हणाला आणि टीव्ही लावला.