मयुरीची वाटी

"हे पाहा ताई, पुन्हा भरली!" आकांक्षा म्हणाली आणि काढलेल्या दुधाची स्टीलची वाटी ओढणीखाली झाकून पडद्याबाहेर सिस्टरकडे निघाली.

मयुरी तोंडदेखलं हसली. पोटात मात्र असं दुखलं की त्यापुढे ऑपरेशनचे टाके बरे. दोघींचीही बाळं दिवस भरायच्या आधी आलेली, दोन्ही दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. पण आष्टीच्या या काडीसारख्या पोरीला दूध कसं धो धो येत होतं! आणि बोरगावच्या घरून रोज मेथीचे लाडू येऊनही मयुरीच्या वाटीचा तळ झाकला जात नव्हता. कालपासून तर आकांक्षाचं बाळ अंगावर प्यायलाही लागलं होतं. मयुरीच्या मुलाच्या नाकात अजून नळीच होती.

त्यात बाहेर बाकावर बसलेली सासू, जिजाबाई, सारखी विचारायची, "निघालं का वं काही? त्या आष्टीवालीचं तं वाटीभर निघते म्हन्तेत."

आकांक्षा गेल्यावर पडद्याआड मयुरी एकटीच उरली. पिळून पिळून काढलेल्या दुधात तिने आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. थोडंसंच. मग आणखी थोडं, आकांक्षाच्या वाटीइतकं दिसेपर्यंत.

पौर्णिमा सिस्टर वाटी पाहून हरखली. "वा मयुरी! मी म्हनत होती ना, येते म्हून! आता सांगते तुह्या सासूले."

बाळाला छातीशी धरून बसलेली आकांक्षा त्या वाटीकडे टक लावून बघत राहिली. आपल्याकडे कुणी असं हेव्याने पाहिल्याचं मयुरीला आठवत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते फार गोड लागलं.

सिस्टरने नळीला सिरिंज लावली, वाटी उचलून कलती केली. पेटीतल्या मुलाने झोपेतच मूठ उघडली.

"थांबा!" मयुरी ओरडली. "नका देऊ त्याले! पानी हाय त्याच्यात."

"पानी? कोनं टाकलं?"

"म्याच टाकलं."

"काऊन वं?"

"हिच्याएवढं दिसावं म्हून."

सगळ्या खोलीने ऐकलं. आकांक्षाने मान खाली घातली.

"अवं, त्याच्या इवल्याशा पोटाले हे सोसलं असतं का?" सिस्टरने नळीची सिरिंज काढून घेतली. "त्याच्यासाठी वाटीभर कोन मांगून राह्यलं? तुह्या दुधाचा थेंब पुरते त्याले."

तिने वाटी बेसिनमध्ये उपडी केली. सकाळभर कळ सोसून काढलेलं खरं दूधही त्या पाण्याबरोबर गेलं. मयुरी ते जाताना बघत राहिली आणि तिला रडू फुटलं.

मग तिने डोळे पुसले, हात धुतले, उकळून ठेवलेली दुसरी वाटी घेतली. पडद्यामागची जागा रिकामीच होती, पण ती तिकडे गेली नाही. जळफळाट काही गेला नव्हता, जागच्या जागी होता.

"जराशी सरक वं," ती आकांक्षाला म्हणाली आणि तिच्या शेजारी, रिकामी वाटी मांडीवर घेऊन बसली.