काकांच्या डोक्यावरचा लाल दिवा

आमच्या विमा कचेरीत हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बसवली, तेव्हा छताला हवा तपासणारे सेन्सरही लावले. हवा चांगली असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल. लाल लागला की यंत्रणा जीव तोडून वारा सोडते, टेबलावरचे कागद उडतात आणि माणसं स्वेटर शोधू लागतात. बाकीचे सेन्सर गुणी निघाले. काकांच्या टेबलावरचा तेवढा कायम लाल.

काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कारकून. त्यांची जागा साहेबांच्या केबिनला लागून, खिडकीशी. त्यांना दम लागतो, वर खोकला. खिडकी सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हे आम्हाला पाठ होतं, कारण काका रोज ऐकवायचे.

टेक्निशियन आला. शिडीवर चढून त्यानं सेन्सर पुसला, मग हिशेब बघणाऱ्या ताईंच्या टेबलावरच्या सेन्सरशी त्याची अदलाबदल केली. काकांच्या डोक्यावर आलेला सेन्सर थोड्याच वेळात लाल झाला आणि त्यांचा जुना तिकडे हिरवागार.

"सेन्सर ठीक आहे," तो म्हणाला. "भानगड या जागेत आहे. पुढच्या खेपेला छत उघडून बघतो. तोवर इथली एकेक वस्तू हलवून बघा. एका वेळी एकच. म्हणजे दोष कोणाचा ते कळतं."

पद्धत शास्त्रीय होती, म्हणून आम्हाला आवडली. आधी प्रिंटर हलवला. लाल. मग कुंडी. लाल. ताईंना सेंट न लावता यायला सांगितलं. त्या दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत, दिवा लालच. शेवटी त्या कोपऱ्यात हलवण्यासारखं एकच उरलं.

"काका, उद्या सुट्टी घेता का?" ताईंनी विचारलं. सेंटचा राग त्यांना कुठेतरी काढायचाच होता.

"कशाला?"

"घ्या हो. विज्ञानासाठी."

"मी काय धूर सोडतो?"

"तसं कोण म्हणतंय? पण तुम्ही एवढं खोकता, ते कुठेतरी जात असेलच ना."

सगळे हसले. काकाही हसले. लोक हसायच्या बेतात असले की आपण आधी हसून घ्यावं, एवढं नोकरीत माणूस शिकतोच.

दुसऱ्या दिवशी काका घरी आणि साहेब मुख्य कचेरीत बैठकीला. दिवा दिवसभर हिरवा. ताईंनी त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. काकांनाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं खाली कोणीतरी लिहिलं. त्यावर काकांनी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

साहेब परतले तेव्हा त्यांनी फोटो पाहिला आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे आम्हाला कान लावायचे कष्ट पडले नाहीत.

"तळघरात रेकॉर्ड रूम आहे. शांत आहे. बसा तिथे."

"साहेब, तिथे ओल आहे. खिडकी नाही. माझा जीव घुसमटेल हो."

"तिथली हवा वाईट आहे, असं कुठल्या सेन्सरनं सांगितलं?"

"तिथे सेन्सरच नाही."

"मग झालं तर."

काका खाली गेले. आम्ही माणुसकी सोडली नव्हती. त्यांचा डबा आणि पाठीची उशी खाली नेऊन दिली. दुपारपर्यंत वर दिवा पुन्हा लाल झाला. आम्ही बुचकळ्यात पडलो.

"त्यांची खुर्ची अजून इथेच आहे," ताई म्हणाल्या.

खुर्चीही खाली पाठवली. काकांनी दोनदा आभार मानले. तोवर ते गठ्ठ्यांवर बसत होते.

तरी दिवा लाल. मग टेक्निशियन आला आणि त्यानं छत उघडलं. साहेबांच्या केबिनमधली हवा बाहेर फेकणारा पाइप बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता. मध्येच सुटला होता आणि त्याचं तोंड बरोबर काकांच्या जागेवर उघडं होतं. कडेला पिवळट चिकट थर. टेक्निशियननं बोट लावून वास घेतला आणि केबिनच्या दाराकडे पाहिलं. दारावर 'धूम्रपान करू नये' अशी पाटी आहे. ती बाहेरच्या बाजूला असल्यामुळे आत लागू होत नाही.

आम्ही सगळे एकदम कामाला लागलो. इतकी कार्यक्षमता कचेरीनं पूर्वी पाहिली नव्हती.

साहेब बाहेर आले. "सापडलं काही?"

टेक्निशियन शिडीवरच घुटमळला. त्याचं दर वर्षीचं कंत्राट साहेबांच्या सहीनं पुढे सरकतं.

"सापडलं, साहेब. सेन्सर खराब आहे."

"मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो," साहेब म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

सेन्सर काढला, छत बंद केलं, पाइप होता तसाच राहिला. ताईंनी खिडकीशी आपलं टेबल लावून घेतलं.

बातमी खाली पोचली. काका जिना चढून वर आले, केबिनच्या दाराला धरून उभे राहिले. बोलण्याइतका श्वास जमायला त्यांना वेळ लागला.

"साहेब, सेन्सरच खराब निघाला म्हणे. मग मी येऊ ना जागेवर?"

"काका," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "सेन्सर खराब निघाला म्हणून तुम्ही चांगले निघालात, असं होत नाही."

वाक्य इतकं ठाशीव होतं की पुढे बरेच दिवस आम्ही ते एकमेकांवर वापरलं.

काढलेला सेन्सर मोडीत म्हणून रेकॉर्ड रूममध्ये गेला. नंतर एकदा ताई जुनी फाईल आणायला खाली गेल्या, तर काकांनी तो मोबाइलच्या चार्जरला जोडून टेबलावर ठेवलेला. लालभडक.

"अहो काका, हा खराब आहे. म्हणून तर खाली पाठवलाय."

"माहीत आहे," काका म्हणाले. "राहू दे. सोबत होते."

मग त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. ताईंनी फाईल काखेत मारली, बाहेर आल्या आणि दार घट्ट लावून घेतलं. वर येऊन त्यांनीच हे सांगितलं. खालची हवा जिन्यातून वर यायला नको, म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलं.